अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलीस, पाळीच्या दुखण्याविषयी

प्रिय मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. सराव परीक्षेच्या दिवशीच पाळी आली, सकाळचा पेपर तू कसाबसा दिलास आणि दुपारच्या पेपरला न बसता खोलीवर येऊन ओटीपोट दाबून पडून राहिलीस, हे वाचून वाईट वाटले. पण त्याहून अधिक अस्वस्थ केले ते तुझ्या पुढच्या वाक्याने. गोळी पिशवीत होती, तरी अगदी असह्य झाल्याशिवाय घ्यायची नाही असे ठरवून तू दुपारपर्यंत थांबलीस आणि मग घेतलीस, तेव्हा तिचा काही उपयोग झाला नाही. परिचारिका म्हणून नोकरी केली तेवढ्या वर्षांत हे वाक्य मी इतक्या मुलींच्या तोंडून ऐकले आहे की उत्तराची सुरुवात तिथूनच करते.

पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळला जातो. तो जोराने आवळला की त्याच्यातूनच जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, स्नायूला प्राणवायू कमी पडतो आणि कळ येते. हीच द्रव्ये आतड्यांपर्यंत पोहोचली की मळमळते, पोट बिघडते, म्हणून पाळीच्या पहिल्या दिवशी अनेकींना दोन-तीनदा शौचाला जावे लागते. अ‍ॅस्पिरिनच्या जातीची औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये दाखवून दिले आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. तू घेतलेली आयबुप्रोफेनची गोळी याच जातीची. तिचे काम नवे द्रव्य तयार होऊ न देणे एवढेच आहे. जे आधीच तयार होऊन स्नायूपर्यंत पोहोचले, ते ती परत काढून घेत नाही. त्यामुळे सकाळी घेतलेली गोळी आणि दुपारी घेतलेली तीच गोळी यांच्या परिणामात मोठा फरक पडतो. गोळी लागू पडत नाही असे म्हणणाऱ्या मुलींपैकी बऱ्याच जणींची गोळी मला चुकीची वाटली नाही, वेळ चुकलेली दिसली.

म्हणून यापुढे रक्तस्राव दिसताच, किंवा तुला आधी कंबर भरून येते असे तू लिहिले आहेस ते जाणवताच, काही खाऊन आयबुप्रोफेनची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यावीस. दुसरी गोळी सहा ते आठ तासांनी घ्यावी, मग त्या वेळी दुखत असो वा नसो, कारण कळ परतण्याची वाट पाहिली तर पुन्हा तेच होते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दिवसात अशा तीनपेक्षा अधिक गोळ्या नकोत, आणि पहिले दोन किंवा फार तर तीन दिवस पुरेत. उपाशीपोटी मुळीच घेऊ नकोस. मेस बंद असली तर दोन केळी, दूध-पोळी, काहीही चालेल. ज्यांना जठरव्रण आहे, मूत्रपिंडाचा विकार आहे, अ‍ॅस्पिरिनने ज्यांचा दमा उसळतो किंवा ज्यांना दिवस गेले असण्याची शक्यता आहे, त्यांनी ही गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. आणखी एक गोष्ट पुण्यात पावसाळ्यात राहणाऱ्या मुलीला सांगायलाच हवी. पाळी आणि ताप एकाच वेळी आले, तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन आणि त्याच जातीचे मेफेनॅमिक अ‍ॅसिड यांना हात लावू नकोस, त्यांनी रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो. त्या दिवसांत पॅरासिटामॉल घ्यावे. कळांवर त्याचा परिणाम थोडा कमी होतो, पण पोटाला ते सोसते.

मेडिकलच्या दुकानात पाळीची गोळी मागितली की बहुधा मेफेनॅमिक अ‍ॅसिड आणि पेटके सैल करणारे डायसायक्लोमीन यांची एकत्र गोळी हातात ठेवतात. ती गुणकारी आहे. पण खरे तर ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायची असते, आणि तिच्यातील डायसायक्लोमीनने काहींना तोंड कोरडे पडणे, डोळ्यांपुढे अंधुक दिसणे, झापड येणे असा त्रास होतो, जो पेपर सोडवताना परवडणारा नाही. मेफेनॅमिक अ‍ॅसिडमुळे क्वचित ‘ड्रेस’ नावाची तीव्र अ‍ॅलर्जी उद्भवते, याकडे भारतीय औषधकोश आयोगाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी लक्ष वेधले होते. गोळी घेतल्यानंतर काही आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ आणि गाठी सुजणे असे झाले, तर गोळीचे नाव घेऊन डॉक्टरांकडे जायचे, एवढा त्याचा अर्थ. घाबरून जाण्याचे कारण नाही. पाकिटावरचे मोठे नाव वाचण्यापेक्षा मागच्या बाजूचा बारीक मजकूर वाचण्याची सवय लाव. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकच औषध असते, किंवा एकाच गोळीत आयबुप्रोफेनबरोबर पॅरासिटामॉलही असते, आणि मुली नकळत दुप्पट मात्रा घेतात.

तुझ्या आईने गोळ्यांची सवय लागेल आणि पुढे मूल होणार नाही, अशी भीती घातली आहे. तिचे मन दुखवू नकोस, परंतु तिला सांग की पाळीच्या दोन दिवसांत घेतलेल्या या गोळ्यांचे व्यसन लागत नाही आणि त्यांनी वंध्यत्वही येत नाही. गंमत अशी की गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलण्याची गोळी मात्र आपल्याकडे कोणी शंका न घेता घेते. ती हार्मोनची असते, आपल्या या दुखण्याच्या गोळीच्या जातीची नव्हे. परीक्षेसाठी ती घ्यावी का असेही तू विचारले आहेस. त्याचा निर्णय डॉक्टरांसमोर बसून घ्यायचा, खोलीतल्या मैत्रिणीच्या डब्यातून उचलून नाही.

आता शेकाविषयी, कारण घरगुती उपायांत मला सर्वांत जास्त भरवसा त्याचाच वाटतो. सुमारे ३९ अंश सेल्सिअसचा शेक ओटीपोटावर सलग ठेवल्यास आयबुप्रोफेनइतकाच आराम मिळतो, आणि दोन्ही एकत्र केल्यास आराम लवकर पडतो, असे २००१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात आढळले होते. आमच्या लहानपणी घरात पाळीच्या मुलीला चार दिवस बाजूला बसवत. विश्रांती मिळावी म्हणून ही रीत होती असे तिचे समर्थन आजही कानावर पडते. विश्रांती मिळे हे खरे, पण जिला शेकाची सर्वाधिक गरज तिलाच चुलीजवळ जाण्याची बंदी असे, हे त्या समर्थनात कोणी सांगत नाही. माझी आजी विटेचा तुकडा निखाऱ्यात तापवून, जुन्या लुगड्याच्या घडीत गुंडाळून, शिवाशीव होऊ नये म्हणून काठीने माझ्याकडे सरकवीत असे. ती वीट पोटाशी धरून मी झोपी जात असे, आणि आजीने रीतही मोडली नाही, मलाही तळमळत ठेवले नाही.

तुझ्या कॉट बेसिसच्या खोलीत चूल नाही, वीट नाही, पण पाणी तापवायची किटली आहे असे तू लिहिलेस. रबरी पिशवीत उकळते पाणी ओतायचे नाही. दोन मिनिटे थांबून पिशवी दोन तृतीयांश भरायची, आडवी दाबून आतली हवा काढून टाकायची, मग बूच घट्ट लावून टॉवेलात गुंडाळायची. पिशवी नसल्यास स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून ती ओढणीत गुंडाळलीस तरी काम भागते. प्लास्टिकची बाटली वापरू नकोस. गावी असशील तेव्हा जाडे मीठ तव्यावर गरम करून त्याची पुरचुंडी बांध. मीठ ऊब बराच वेळ धरून ठेवते आणि कमरेलाही नीट बसते. एका वेळी पंधरा-वीस मिनिटे शेकून थोडा खंड घ्यावा, आणि पिशवी अंगाखाली घेऊन झोपू नये. रोज फार कढत शेक घेणाऱ्या बायकांच्या पोटावर जाळीसारखे तपकिरी डाग पडलेले मी पाहिले आहेत. अभ्यासिकेत पिशवी नेण्याचा संकोच वाटत असेल, तर मेडिकलमध्ये कपड्यावरून चिकटवायच्या उष्ण पट्ट्या मिळतात. त्या महाग पडतात, म्हणून परीक्षेच्या दिवसासाठी राखून ठेव.

खाण्यापिण्याच्या उपायांत आल्याला मी वरचे स्थान देईन. पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत सुंठीची पूड घेणाऱ्या स्त्रियांचे दुखणे कमी झाल्याचे अनेक छोट्या अभ्यासांत दिसले आहे. त्यांत दिवसाला साधारण पाऊण ते दोन ग्रॅम पूड दिली जात असे. म्हणजे अर्धा ते एक लहान चमचा सुंठ गरम पाण्यातून किंवा गुळाबरोबर, दोन-तीन वेळांत विभागून. ओवा, बडीशेप, जिरे यांनी पोटातला वायू सरतो आणि आतड्यांचा ताण उतरतो. गर्भाशयाच्या कळेवर ओवा चालतो असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण कोमट पाण्यातून ओवा घेतल्यावर मुली शांत झोपतात हे पाहिलेले आहे, आणि त्यात अपाय काही नाही. बेंबीभोवती हिंगाचा लेप लावायलाही हरकत नाही. एरंडेल प्यायचे मात्र नाही, कारण आधीच पोट ढिले असताना जुलाबाची भर कशाला? दही, लोणचे, थंड पाणी, केस धुणे यांनी पाळीचे दुखणे वाढते याला काहीही आधार नाही. गूळ आणि तीळ खा, ते अंगाला चांगले, पण रक्तस्राव जास्त होणाऱ्या मुलीचे हिमोग्लोबिन गुळाने भरून येत नाही. एकदा तपासून घे आणि ते १२ ग्रॅमच्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या विचारून सुरू कर. जेवणाला लागून चहा पिण्याची अभ्यासिकेतली सवयही सोड, त्याने अन्नातले लोह अंगी कमी लागते.

व्यायामाविषयी थोडक्यात सांगते. पाळीच्या दिवशी उड्या मारण्याची सक्ती नाही, परंतु एरवी आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी पाऊण ते एक तास चालणे, सायकल किंवा योगासने असा क्रम दोन-तीन महिने टिकला तर दुखणे उतरते. तू दिवसाचे बारा तास खुर्चीत बसतेस, हे तुझ्या पत्रात मला सर्वांत खटकले.

आता डॉक्टरांकडे कधी जायचे ते सांगते. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत लागलेले, दर वेळी पहिले एक ते तीन दिवस राहणारे आणि गोळी-शेकाला दाद देणारे दुखणे बहुधा निव्वळ कळांचे असते. वेळेवर आणि पुरेशी गोळी घेऊनही सलग तीन पाळ्यांत फरक पडला नाही, दुखणे वर्षागणिक वाढत चालले, पाळी नसतानाही दुखू लागले, शौचाच्या वा लघवीच्या वेळी कळ येऊ लागली, तासा-दोन तासांनी पॅड भिजू लागला किंवा रक्तस्राव सात दिवसांपेक्षा लांबला, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचेच. यामागे एंडोमेट्रिओसिस असू शकते, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना ते असते, आणि सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून ते नाही असे ठरत नाही. तपासणीच्या भीतीविषयी तू दोन ओळी लिहून खोडलेल्या दिसल्या. सोनोग्राफी पोटावरूनच, भरपूर पाणी पिऊन करता येते. तुझ्या संमतीवाचून आतून तपासणी कोणी करू शकत नाही, आणि तसे स्पष्ट सांगण्याचा तुला हक्क आहे. मात्र पाळी चुकलेली असताना एका बाजूला अचानक जोराची कळ आली, चक्कर आली, किंवा ताप येऊन दुर्गंधीयुक्त स्राव होऊ लागला, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठ.

लग्न झाले की थांबेल, बाळंतपण झाले की थांबेल, ही दोन वाक्ये मला इलाज वाटत नाहीत, इलाज पुढे ढकलणारी वाटतात. ती ऐकत वाट पाहणाऱ्या बायकांचे पुढे काय होते, हे आपल्या राज्याने पाहिले आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत २०१९ मध्ये ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. फडावर एक खाडा झाला तरी मुकादम पैसे कापतो, त्यामुळे पोटदुखी आणि अंगावरून जाणे यांवर उपचार करत बसायला सवड नाही, आणि गर्भपिशवी काढून टाक म्हणणारा डॉक्टर जवळ असतो. त्यांतल्या किती जणींचे दुखणे साध्या औषधांनी आटोक्यात आले असते, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

तुझ्यापुरते आता असे कर. राज्यसेवा पूर्वपरीक्षेचे दोन्ही पेपर एकाच दिवशी असतात, म्हणून गोळीची वेळ आधीच बसवून ठेवावी लागेल. पुढच्या दोन पाळ्यांत तारीख, पहिली कळ कधी आली, गोळी किती वाजता घेतली, किती वेळाने उतार पडला, झापड आली का, हे सारे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेव. परीक्षेच्या दिवशी कोणतीही गोळी पहिल्यांदा घ्यायची नाही, आधी एका पाळीत तिचा अनुभव घेतलेला हवा. परीक्षा पाळीच्या अपेक्षित तारखेच्या आसपास येत असेल, तर न्याहारीनंतरची पहिली आणि दोन पेपरांच्या मधल्या जेवणानंतरची दुसरी, अशा दोन गोळ्या पाकिटासह पारदर्शक पिशवीत प्रवेशपत्राशेजारी ठेव. दुसऱ्या पाळीनंतर त्या पानाची नक्कल मला पाठव. फरक नसेल तर तेच पान घेऊन आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ, मी एस.टी.ने सकाळी पुण्यात पोहोचेन.

तुझी,
नर्सबाई