गावात राहून नेतृत्वगुण कसे वाढवावेत? चांगल्या सवयी टिकतच नाहीत, काय करू?

तुम्ही लिहिलंय की पहाटे पाचला उठणं, रोजनिशी, ध्येयांची यादी हे सगळं थोडे दिवस चालतं आणि मग सुटतं. पुढे जोडलंय, "आमच्या गावात काही घडतच नाही, त्यामुळे पुढाकार घ्यायला वावच नाही." सवयींचं नंतर बघू. हे शेवटचं वाक्य मला झोंबलं, कारण ते मी माझ्या दिराच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकत आलेय.

मी गुहागर तालुक्यात, खाडीच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहते. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल लागला की आम्ही हंडा-कळशी घेऊन रांगेत. इथला जांभा दगड पाणी पितो, धरून ठेवत नाही. खालच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. गोड्या पाण्याची वरची एकच विहीर, तिचाही तळ दिसायला लागतो. तिच्या वरच्या अंगाला जो पऱ्या, म्हणजे ओढा, वाहतो, त्यावर वनराई बंधारा, म्हणजे मातीने भरलेल्या गोण्यांचा तात्पुरता बांध, घालायचा हा विषय मी लग्न होऊन आले तेव्हापासूनचा.

दरवर्षी गणपतीत चाकरमानी आले की देवळात बैठक बसायची. भावोजी, म्हणजे माझे दीर, गावच्या मुंबई मंडळाचे पदाधिकारी. समिती कुणाची, खजिनदार कोण, उद्घाटनाला कुणाला बोलवायचं, बॅनरवर कुणाचे फोटो, यावर रात्र जायची. गौरी-गणपती गेले की मंडळी गाडीत बसायची आणि पाणी खाडीला मिळायचं.

एका वर्षी भात पिवळं पडायला लागलं तेव्हा मी बचत गटात विषय काढला. सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "कापणी तोंडावर आलीय, वेळ कुणाला आहे?" खरंच होतं ते. पण पऱ्याची धार कमी होते तीही नेमकी त्याच दिवसांत. आधी अडवलं तर पाणी बंधारा घेऊन जातं आणि उशीर केला तर अडवायला पाणी उरत नाही. मग मी बायकांचा दिवस बघायला लागले. सकाळी भाकऱ्या, गुरं, पोरांची शाळा. दहानंतर शेत. पण भातावर दव असेपर्यंत विळा लावत नाहीत. पोरं शाळेत गेल्यापासून दव सुकेपर्यंतचा मधला वेळ सगळ्यांचा मोकळा होता आणि तो कुणी मोजलेलाच नव्हता. मी एवढंच म्हटलं, "दव सुकलं की मी स्वतः सगळ्यांना घरी पाठवीन." आणि पाठवलंही, एखादी रांग अर्धी राहिली तरी. दुसऱ्या दिवशी माणसं परत आली ती त्यामुळेच.

पऱ्याच्या दोन्ही काठांना ज्यांच्या जमिनी लागतात त्यांच्या घरी मी आधीच जाऊन आले होते. पाणी तुंबलं तर आपल्या जागेत येईल, ही भीती त्यांना असते आणि ती रास्त आहे. आपण होऊन विचारलं तर नाही म्हणत नाहीत. परस्पर काम सुरू केलं तर जन्माचं वैर.

कामाचं शिकवलं ते वाडीतल्या एका म्हाताऱ्या काकांनी. आम्ही गोण्या गच्च भरत होतो. ते म्हणाले, "गो, ती ढोलकी झाली. बसायची कशी?" गोण पाऊणच भरायची, म्हणजे दाभणाने तोंड शिवल्यावर ती चपटी पडते आणि खालच्या गोणीला चिकटून बसते. तळाची वाळू-पाला काढून कातळ उघडा करायचा, खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर वरची गोण यायला हवी, फटींत चिकणमाती ठासायची. काकांना कुणी प्रमुख नेमलं नव्हतं, पण ते बोलले की सगळ्यांचे हात थांबायचे. मीही त्यांच्यापुढे गप्प बसायचे. हे नेतृत्व नाही तर काय?

शिमग्याला भावोजी आले, बंधारा बघितला आणि पहिला प्रश्न, "कुणाला विचारून केलंत? अध्यक्ष कोण?" मग दुष्काळातून सावरलेल्या हिवरे बाजार गावाचा दाखला दिला. पोपटराव पवार सरपंच होते म्हणून ते गाव उभं राहिलं, पदाशिवाय कुणी ऐकत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला हे मुळीच पटत नाही. त्या गावात आमच्या तुलनेत किती कमी पाऊस, तरी ते दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पीक त्यावरून ठरवतात. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी लोकांनी पाळली म्हणून टिकली. सरपंच तर गावोगावी आहेत.

तुमच्या सवयींचं मला जे दिसतं ते असं. तुम्ही पाचला उठता ते स्वतःसाठी, म्हणून नाही उठलात तरी कुणाचं काही अडत नाही. पऱ्यावर आठ-दहा जणी पाट्या घेऊन उभ्या असतील तर अंथरूण आपोआप सुटतं. रोजनिशी लिहायचीच असेल तर त्यात स्वतःची ध्येयं कमी आणि शेजाऱ्यांच्या वेळा जास्त लिहा. कोण कधी मोकळं असतं, कोण कशाने दुखावलंय, कुणाला काय येतं. गावात घडत नाही असं वाटतं ते हे ठाऊक नसल्यामुळे.

आता दुसरी बाजूही सांगते. बंधाऱ्याने मे महिन्याचा प्रश्न सुटलेला नाही. विहीर थोडी उशिरा तळाला जाते, इतकंच. पावसाळ्यात बंधारा वाहून जातो आणि दरवर्षी नव्याने घालावा लागतो. नळपाणी योजनेसाठी ग्रामपंचायतीचा ठराव लागतो, तिथे पदाशिवाय चालत नाही, तेवढं भावोजींचं मान्य. ज्यांच्या घरी तान्हं मूल किंवा आजारी माणूस आहे, त्यांनी माझं ऐकून स्वतःला बोल लावू नये.

तुमच्याकडे पऱ्या-ओढा असेल आणि हे करणार असाल, तर गोण्या उन्हाळ्यातच मागून ठेवा. तेव्हा घरांची बांधकामं चालू असतात, गवंडी फुकट देतात. ऑक्टोबरात शोधायला गेलात तर मिळत नाहीत. आणि त्या सावलीत ठेवा, उन्हाने प्लास्टिकचा भुगा होतो.