सहा इंची खिळा हाताने वाकवायला कसं शिकावं?

तुमचा प्रश्न वाचला. वय 20, गंगाखेडजवळचं गाव, पोलीस भरतीची तयारी, रोजचे जोर-बैठका चालू. मोबाईलवर कुणाला तरी खिळा वाकवताना पाहिलं आणि तेव्हापासून दोन आठवडे रोज सहा इंची खिळा फडक्यात गुंडाळून जोर लावताय. खिळा तसूभर हलत नाही आणि उजवं मनगट करंगळीच्या बाजूनं ठणकतंय. ताकद कमी पडते की काही चुकतंय, आणि किती दिवस लागतील, हे तुम्हाला हवंय.

आधी मनगटाचं. आजपासून तीन आठवडे खिळ्याला हात लावू नका. जोर मारताना दुखत असेल तर जोरही मुठीवर मारा, पंजा टेकून नको. करंगळीखालच्या त्या जागी मनगटाच्या दोन हाडांना धरून ठेवणारी बारीक कूर्चा आणि शिरा (रक्ताच्या नव्हे, हाडं आणि स्नायू बांधून ठेवणारे चिवट तंतू) असतात, आणि मूठ वळवून दाबलं की सगळा भार तिथंच येतो. तीन आठवड्यांनी पण ठणका राहिला, किंवा मनगट फिरवताना आत कट्कट वाजत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. भरती तोंडावर आहे, गोळाफेकीला हेच मनगट लागणार.

मी अंबड तालुक्यातला. सतरा वर्षं जालन्यात फॅब्रिकेशनचं काम करतो. गेट, ग्रिल, शेड, ट्रॉलीची दुरुस्ती, सगळं. दिवसभर लोखंडातच असतो, तरी ते हातानं वाकवायला लागलो तेव्हा पहिलं वर्ष मी वाया घालवलं. तुम्ही करताय तेच केलं, म्हणून सविस्तर लिहितो.

सहा इंची खिळा ही सुरुवात करायची वस्तू नाही. तो दिसतो लहान, म्हणून सोपा वाटतो, आणि अवघड आहे तो लहान आहे म्हणूनच. वाकवणं म्हणजे तरफेचं काम. टेकूपासून हात जितका लांब तितका जोर कमी लागतो. सहा इंची खिळ्यात मधल्या टेकूपासून तुमच्या तळव्यापर्यंत जेमतेम अडीच इंच मिळतात. त्यात खिळा होतो तारेपासून, आणि ती तार साच्यातून थंडी असतानाच ओढून बारीक केलेली असते. थंडं लोखंड ओढलं की ते कडक होतं. म्हणजे खिळ्याचं लोखंड साध्या गोल गजापेक्षा मुळातच ताठ. ताकद असलेला माणूसही पहिल्या दिवशी तिथं हरतो.

सुरुवात लांब गजानं करा. हार्डवेअरवाल्याकडं न जाता स्टीलच्या डेपोत जा आणि 10 एमएमचा साधा एमएस राऊंड मागा, म्हणजे माइल्ड स्टीलचा, मऊ लोखंडाचा गोल गज. जुने लोक त्याला तीन सुताचा गज म्हणतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे तीन सूत साडेनऊ एमएमच्या आसपास, पण दुकानात दोन्ही नावांनी तोच निघतो. वीस फुटी गज घ्या आणि तिथंच दोन-दोन फुटांचे दहा तुकडे कटरवर कापून आणा. टोकांची धार ग्राइंडरनं मारून घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी तळवा फाटेल. वजन आमच्या धंद्यातल्या हिशोबानं काढा: एमएमचा वर्ग भागिले 162, म्हणजे मीटरला साधारण 617 ग्रॅम. अख्खा गज पावणेचार किलोच्या आसपास बसतो.

जालन्यात सळईच्या मिल आहेत आणि मराठवाड्यात कुठंही घर बांधताना टीएमटी, म्हणजे स्लॅबमध्ये घालतात ती सळई, पडलेली असते, म्हणून तुमच्याही हाताला आधी तीच लागेल. ती घेऊ नका. टीएमटी लाल असताना तिच्यावर पाण्याचा जोरदार मारा करतात. वरची साल कडक होते, गाभा मऊ राहतो. Fe 500 लिहिलेल्या सळईला वाकायला लागण्याआधी दर चौरस मिलिमीटरला किमान 500 न्यूटनचा ताण लागतो. साध्या एमएसचा हाच आकडा 250 धरतात. दुप्पट. वर त्या सळईच्या आडव्या कडा कातडीत रुततात, त्या वेगळ्याच.

आता गज मांडीवर. गोणपाटाची चार पदरी घडी उजव्या मांडीच्या मधोमध ठेवा, गुडघ्यावर नाही. गज त्यावर आडवा, दोन्ही टोकांना जाड कापड किंवा जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळून घट्ट पकडा. पाठ सरळ ठेवा, दंडांनी ओढू नका, छातीचं वजन दोन्ही हातांवर सोडा. आधी काहीच होणार नाही. मग हाताला एक बारीक सैलपणा जाणवेल, जसं कुलपात किल्ली फिरते तसं. तो क्षण लोखंड हरल्याचा. तिथं श्वास सोडत दाबत राहा, थांबू नका. इंग्रजी यू झाला की उचलून वाकलेल्या जागेवर बोट लावून बघा. कोमट लागेल, घाईनं वाकवला तर चांगला गरम. तुमच्या अंगातला जोर तिथं उष्णता होऊन बसलेला असतो. माझा पहिला गज अजून दुकानात वेल्डिंग मशीनच्या मागं लटकवलेला आहे.

पुढं कसं जायचं, इथं सगळे चुकतात. दोन फुटांचा जमला की लोक 12 एमएम आणतात. आणू नका. गोल लोखंडाचा वाकताना होणारा विरोध जाडीच्या घनानं वाढतो. 10 चा 12 केला तर जोर पावणेदोन पटीच्या आसपास. 6 चा 8 केला तर जवळजवळ दोन पूर्णांक चार पट. दिसायला दोन एमएम, पण शिरांना तो भिंतीवर डोकं आपटल्यासारखा वाटतो. जाडी तीच ठेवा आणि लांबी कमी करा. दोन फूट आरामात जमला की बावीस इंच, मग वीस, मग अठरा. दोन इंचांच्या त्या पायऱ्या तुमच्या शिरांना सोसतात. मी 10 एमएम दोन फुटांवरून चौदा इंचांवर यायला पाच महिने घेतले. त्यानंतर 6 एमएमचा साधा राऊंड नऊ इंचांचा हातात, मांडी न वापरता. तो आठ, मग सात. त्याच्या पुढं खिळा.

हातातली पकड अशी. दोन जाड कापडं किंवा चामड्याच्या पट्ट्या घ्या. आमच्या दुकानात वेल्डिंगचे फाटलेले चामडी हातमोजे असतात, त्यांच्या पट्ट्या उत्तम. एकेका टोकाला घट्ट गुंडाळा, इतकी घट्ट की दोन बोटांत धरून फिरवली तरी खिळा आत फिरू नये. तुमचं फडकं ढिलं असणार, मनगट त्यानंच गेलं. खिळा आत सरकला की मूठ तिरकी होते आणि भार करंगळीकडं जातो. तळवे खाली, दोन्ही मुठी हनुवटीखाली, कोपरं बाजूला उचललेली, अंगठे मधोमध एकमेकांना भिडलेले. टेकू तो, अंगठ्यांचा. टोकं तळव्याच्या जाड गादीत बसली पाहिजेत, बोटांच्या पेरात नाहीत. आता बोटांनी काही करायचं नाही. बोटं फक्त धरून ठेवतात. जोर छातीतून आणि खांद्यातून येऊ द्या, जसं भरलेलं पोतं दोन्ही बाजूंनी आवळून उचलता तसं. मनगट ताठ, एका रेषेत.

खिळ्याचे तीन टप्पे. पहिली मोड सगळ्यात अवघड, लोखंड आडवं होऊन बसलेलं असतं. ती मोडली की काटकोनापर्यंत ओढ तुलनेनं हलकी. शेवटी दोन्ही टोकं जवळ आणायची असतात तेव्हा हात एकमेकांत गुंतवून छातीसमोर दाबायचं. हे एका दमात, मिनिटाभरात करा. अर्धवट वाकवून ठेवलेलं लोखंड दुसऱ्या दिवशी जास्त हट्टी होतं. वाकलेली जागा आधीच कडक झालेली असते आणि पडून राहिली की आणखी ताठ होते.

आता बोल्ट. तुम्ही शेवटी विचारलंय, खिळ्यानंतर बोल्ट घेऊ का. घ्या, पण डोक्यावरचा आकडा वाचल्याशिवाय एकही बोल्ट हातात धरू नका. 4.6 लिहिलेला बोल्ट मऊ: पहिला आकडा गुणिले शंभर म्हणजे तुटायचा ताण 400, आणि त्याच्या 60 टक्के म्हणजे 240 ला तो वाकायला लागतो. 8.8 चा हिशोब 800 आणि 640. जाडी तीच, लांबी तीच, रंग तोच, आणि जोर अडीच पटीहून जास्त. 10.9 आणि ॲलन बोल्टवरचं 12.9, यांना हात लावू नका. ते कडक असतात, वाकवताना तुटू शकतात, आणि आटे असलेल्या जागी तर खाच असतेच. वाकवायला अर्धा आटा असलेला लांब बोल्ट घ्या आणि मोड साध्या दांड्यावर येऊ द्या, आट्यांवर नको.

तुटण्याचं मी भोगलंय. सत्तावीस वर्षांचा होतो, गणपतीत मंडळापुढं पोरांना दाखवायचं होतं. खिशात होते ते भिंतीत ठोकायचे काळे काँक्रीटचे खिळे. ते उष्णता देऊन कडक केलेले असतात, वाकत नाहीत. पहिल्याच जोरात काचेसारखा आवाज आला आणि अर्धा तुकडा माझ्या उजव्या भुवईखाली घुसला. समोर आठ-दहा वर्षांची लेकरं बसली होती. अर्धा इंच खाली लागला असता तर डोळा गेला असता, आणि तोच तुकडा एखाद्या लेकराला लागला असता तर मी आज हे लिहीत नसतो. चार टाके पडले. तेव्हापासून वाकवताना मी ग्राइंडिंगचा चष्मा घालतो आणि समोर कुणाला उभं राहू देत नाही. तुम्हीही हे दोन्ही करा, पहिल्या दिवसापासून. काँक्रीट खिळे, ड्रिल बिट, कानस, कमानपट्टा, यातलं काहीही वाकवायला घेऊ नका. आणि गज दातात धरून किंवा मानेवर ठेवून वाकवायचे व्हिडिओ बघू नका.

शिरांबद्दल थोडं. स्नायू दोन-तीन दिवसांत भरून येतो. शिरेला रक्त कमी पोचतं, तिला आठवडे लागतात. म्हणून अंग तयार वाटतं आणि कोपर आतून फाटत असतं. मला एका हिवाळ्यात कोपराच्या बाहेरच्या बाजूला असं दुखणं बसलं की चहाचा कप उचलता येईना, पाच महिने कामावर डावा हात वापरला. आता आठवड्यातून दोनच दिवस लोखंड, मध्ये किमान दोन दिवस रिकामे, आणि एका दिवशी खरा जोर लावायचे पाच-सहाच प्रयत्न. बाकी दिवशी बादली. प्लास्टिकच्या बादलीत निम्म्याहून जास्त ज्वारी घ्या, हात कोपरापर्यंत जाईल इतका आत खुपसा आणि आत बोटं पूर्ण उघडा, मिटा, मूठ फिरवा. पन्नास वेळा उघडा. आपण दिवसभर मूठ आवळतो, उघडायचं काम हाताला कधी मिळत नाही, आणि कोपराचं दुखणं तिथूनच सुरू होतं. ज्वारीवर नंतर ऊन दाखवा, घामानं किडे होतात. तुमच्या मनगटाला या तीन आठवड्यांत एवढंच करा, तेही दुखत नसेल तेवढंच.

तालमीतल्या जुन्या वस्तादांकडं राममूर्तींचं नाव निघतं. कोडी राममूर्ती नायडू आंध्रचे, छातीला बांधलेली लोखंडी साखळी श्वास भरून तोडायचे. त्यांच्याच काळातला रशियन पैलवान अलेक्झांडर झास, 1888 साली विल्ना (आजचं व्हिल्नियस) शहरात जन्मला. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या कैदेत पडला आणि तिथं साखळ्या ओढत बसायचा. साखळी तुटत नाही, तरी रोज ओढायची. बाहेर आल्यावर लोखंडी गज वाकवून तो नावाजला. त्याचं म्हणणं एवढंच होतं की न हलणाऱ्या गोष्टीवर लावलेला जोर शिरांना घट्ट करतो. हे तुम्हाला उपयोगी आहे: 12 एमएमचा फूटभर तुकडा मांडीवर ठेवून पाच-सहा सेकंद दाबा, सोडा, असं चार वेळा. तो वाकणार नाही, वाकायची गरजही नाही. श्वास कोंडून ठेवू नका, दाबताना हळूहळू सोडा. घरात कुणाला रक्तदाबाचा त्रास असेल, किंवा तुम्हाला अंतर्गळाचा, तर आधी डॉक्टरांना विचारा.

किती दिवस, याचं उत्तर. तुम्ही जोर-बैठका करणारे आहात, छाती आणि खांदा तयार आहे, म्हणून मांडीवर दोन फुटांचा गज बहुधा पहिल्या आठवड्यातच जाईल. सहा इंची खिळ्याला मला शिस्तीनं सुरू केल्यापासून नऊ महिने लागले. माझ्या हाताखालच्या एका पोराला सात. भरती कधी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. चार महिन्यांच्या आत असेल तर तोपर्यंत फक्त ज्वारीची बादली आणि मांडीवरचा गज एवढंच ठेवा, खिळा भरतीनंतर काढा.