तिसरी ते पाचवीची पोरं आणि लिहिणं: तुमचे प्रश्न

मागच्या वेळी म्हटलेलं की मुलांच्या लिखाणाबद्दल जे अडतंय ते कळवा, भरपूर आलं, त्यातले पाच प्रश्न आज घेते.

कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातल्या झेडपी शाळेत चौथीला शिकवते. 'माझा आवडता सण' दिला की अठ्ठावीस वह्यांत एकच निबंध, गाईडमधला. काय करू?

मॅडम, आधी विषय बदला. 'आवडता सण' एवढा मोठा आहे की नऊ वर्षांच्या पोराला तो कुठनं धरावा कळत नाही, मग ते गाईड धरतंय, त्याची काय चूक? वर्णन शिकवायचं तर वस्तू हातात मावेल एवढीच पाहिजे. मी वर्गात गुळाचा खडा द्यायचे, प्रत्येकाला एक, आपल्याकडं गुळाला काय तोटा. अट एकच, 'छान', 'सुंदर' आणि 'गोड' हे तीन शब्द लिहायचे नाहीत. पाच मिनिटं सगळी एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसायची. मग एकीनं लिहिलं, 'खडा बोटाला चिकटला, वास आजीच्या फडताळासारखा येतोय.' मागच्या बाकावरच्या एकानं लिहिलं, 'आधी जरा खारट लागतोय.' गुळाला ती बारीक खारट चव असते खरंच, आणि ती त्याच्या त्याच्या जिभेला सापडली, कुठल्या गाईडात नाही मिळाली.

खडा झाला की मग जागा घ्या. घरच्या कुणाबरोबर गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाऊन उभं राहायचं, म्हशीची धार काढताना काय ऐकू येतं तेवढंच टिपायचं, काय दिसतं ते नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी आणलेलं फळ्यावर घ्या, एक परिच्छेद मिळून तयार करा, कुठलं वाक्य आधी, कुठलं नंतर, काय खोडायचं हे पोरांनाच भांडू दे. एकट्यानं लिहायची पाळी त्यानंतर, आधी नको.

माझी मुलं 'मी जायालोय', 'काय करालाईस' असंच वहीत लिहितात. प्रत्येक ठिकाणी लाल पेन मारावा का?

नका मारू, सर. पान लाल झालं की पुढच्या वेळी पोरगं चार ओळीच लिहितं, चुका कमी होतात आणि लिखाणपण कमी होतं. 'जायालोय' ही चूक नव्हे, ती त्याच्या घरची भाषा आहे, प्रश्न फक्त ती कुठं वापरायची एवढाच आहे. गोष्टीत आजी बोलत असेल तर ती 'काय करालाईस रं' असंच म्हणणार, तिथं 'काय करत आहेस' घातलं तर आजीच खोटी वाटते. पण मुख्याध्यापकांना अर्ज लिहिताना 'मी जात आहे' पाहिजे. तेच वाक्य दोन्हीकडं लिहून घ्या, घरी आजीशी आणि ऑफिसात अर्जात, पोरांना हा फरक लगेच कळतो, ती रोज तसंच तर बोलतात, वर्गात वेगळं आणि गल्लीत वेगळं. ऱ्हस्व-दीर्घाचं म्हणाल तर एका लिखाणात एकच गोष्ट तपासा, आणि तीपण दुसऱ्या खर्ड्यात.

पत्र, बातमी, माहिती, अनुभव, सूचना, एवढे प्रकार आणि वेळ कमी. कुठला आधी घ्यायचा?

ह्याचं उत्तर जरा लांबवते, कारण माझ्या मते सगळी गोम इथंच आहे. आपण प्रकार शिकवतो म्हणजे साचा शिकवतो, उजवीकडं तारीख, खाली 'आपला आज्ञाधारक', आणि हे कोण वाचणार ते सांगतच नाही. वाचणारा बदलला की लिखाण आपोआप बदलतं. म्हणून विषय एकच ठेवा, वाचणारे बदला.

पंचगंगेचं पाणी घ्या. राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फूट झालं की इशारा पातळी, 43 ला धोका पातळी, हे आकडे पावसाळ्यात इथल्या लहान पोरालापण पाठ असतात. आता पहिल्या दिवशी बातमी लिहा, पाणी किती, कुठं, कधी, 'मला वाटतं' घालायचं नाही. दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या गल्लीसाठी सूचना, वाक्यं छोटी, क्रियापद ठसठशीत, 'जनावरं आधी सोडा', 'कागदपत्रं वरच्या माळ्यावर ठेवा'. तिसऱ्या दिवशी पुण्या-मुंबईच्या मामाला पत्र, त्याला फुटांशी देणंघेणं नाही, त्याला काळजी असते तुम्ही जेवलात काय, म्हस कुठं बांधली. मग अनुभव. 2019 चा पूर ह्या पोरांना आठवायचा नाही, घरच्यांना आठवतो, तेव्हा घरात एकाची मुलाखत घ्यायची, पाच प्रश्न आधी लिहून न्यायचे. एका पोरीनं आजोबांना विचारलेलं, घरातनं बाहेर पडताना हातात काय होतं, ते म्हणाले देव्हारा आणि रेडिओ. त्या एका ओळीवर तिनं अख्खं पान लिहिलं.

चार दिवस, चार प्रकार, माहिती तीच. शेवटी चारही कागद बाकावर शेजारी-शेजारी ठेवून विचारा, ह्यात काय काय बदललं? जे सांगतील तेच फळ्यावर लिहा, तुमचे नियम तयार.

पाचवीतल्या मुलाला मत मांडायला लावणं लवकर होतं का? कारण विचारलं की 'मला आवडतं म्हणून'.

अजिबात लवकर नाही. पेठेतल्या पोरांना विचारा आपली फुटबॉल टीम भारी का, बघा कशी कारणं देतात, गोल मोजून दाखवतात. तेच कागदावर आणायचं. मत एका ओळीत, मग कारण, मग 'कशावरून?' म्हणून पुरावा, आणि समोरचा काय म्हणेल ती एक ओळ, ती मुलं कायम विसरतात. विषय असा घ्या की कुणीतरी खरंच निर्णय देईल, मधल्या सुट्टीत मैदान कुणाला मिळावं असला. पत्र मुख्याध्यापकांकडं खरोखर पोचवा आणि त्यांच्याकडनं दोन ओळींचं उत्तर मागून आणा.

मुलगी गोष्ट छान सुरू करते, पण शेवटी कायम 'आणि मला जाग आली'. घरी काय करू?

ताई, गोष्टीतल्या माणसाला काय पाहिजे हे तिचं ठरलेलंच नसतं, म्हणून शेवट सापडत नाही आणि मग झोप मदतीला येते. लिहायच्या आधी दोनच प्रश्न विचारा, त्याला काय पाहिजे आणि आड काय येतंय. खासबागेत कुस्ती बघायला निघालेला पोरगा, खिशातली तिकिटाची नोट हरवली. आता तो काय करेल? तिला तोंडी सांगू दे, भाकरी थापता थापता ऐका, मधे बोलू नका, आणि सांगून झालं की लगेच वही द्या.