पॅनेलबाहेरचं रुग्णालय, फेटाळलेलं बिल आणि मे महिन्याची मुदत

प्रश्न : माझे यजमान केंद्र सरकारच्या कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. वय ७१. आम्ही कराडला राहतो. गेल्या फेब्रुवारीत रात्री दोनच्या सुमारास त्यांच्या छातीत कळ आली, दरदरून घाम सुटला. शेजाऱ्यांच्या गाडीतून गावातल्याच खासगी रुग्णालयात नेलं. लगेच अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट टाकले. बिल ३,४२,००० रुपये झालं. मुलीने एफडी मोडून ते भरलं. आमच्याकडे सीजीएचएसचं, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं, पुण्याचं कार्ड आहे. ओपीडीसाठी मात्र पेन्शनसोबत दरमहा १,००० रुपये वैद्यकीय भत्ता येतो. एप्रिलमध्ये बिलं पाठवली. १४ मेच्या पत्राने उत्तर आलं : 'रुग्णालय पॅनेलवर नाही, पूर्वपरवानगी घेतलेली नाही, शिवाय आपण वैद्यकीय भत्ता घेता, सबब दावा नामंजूर.' जुलैत आणि ऑक्टोबरात विनंतीअर्ज केले, पण उत्तर नाही. आता जानेवारी उजाडला. यजमान म्हणतात, जाऊ दे. खरंच सोडून द्यायचं का? शेजारी सांगतात की सीजीएचएस सोडा आणि सत्तरीवरच्यांचं आयुष्मान कार्ड घ्या. ते करावं का?

उत्तर : ताई, सोडून देऊ नका. आणि थांबूही नका.

कायद्याचं बाकी सगळं नंतर, आधी तारीख बघू. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आणि निवृत्तांच्या सेवाविषयक तक्रारी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे कॅटकडे जातात. तुमच्यासाठी ते मुंबई खंडपीठ. १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याच्या कलम २१ नुसार अंतिम आदेश झाल्यापासून एक वर्षात तिथे अर्ज करावा लागतो. तुमचा आदेश १४ मेचा आहे, म्हणजे हातात चारच महिने उरले. तुमच्या जुलैच्या अर्जाला सहा महिने उत्तर आलं नाही, म्हणून मुदत तिथून पुढे मोजावी, असा युक्तिवाद करता येईल. पण त्या आशेवर राहू नका. एस. एस. राठोड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी १९८९ मध्येच सांगितलं आहे की कायद्यात तरतूद नसलेले विनंतीअर्ज पुन्हा पुन्हा केल्याने मुदत वाढत नाही. माझ्याकडे येणारे बरेच निवृत्त लोक इथेच अडकलेले असतात. माणसं सभ्य. एक स्मरणपत्र, मग दुसरं, मग पोर्टलवर तक्रार, असं करता करता वर्ष उलटतं. उशीर माफ करून घेण्याची सोय कायद्यात आहे, पण मग मूळ मुद्द्याआधी उशिराचीच झाडाझडती होते. तेव्हा १४ मे हीच शेवटची तारीख समजा आणि एप्रिलमध्येच अर्ज दाखल करा.

आता त्या एका ओळीतली तीन कारणं.

भत्त्याचं कारण सरळसरळ चुकीचं आहे. हा भत्ता सीजीएचएस नसलेल्या भागात राहणाऱ्या निवृत्तांना रोजच्या औषधपाण्यासाठी, म्हणजे ज्यात रुग्णालयात दाखल व्हावं लागत नाही अशा उपचारांसाठी मिळतो. अशा भागातल्या निवृत्ताला ओपीडीपुरता भत्ता घेऊन दाखल होण्याच्या उपचारांसाठी सीजीएचएसचं कार्ड ठेवता येतं. तुमची व्यवस्था नेमकी हीच दिसते. यजमानांनी निवृत्तीनंतर वर्गणी भरून कार्ड घेतलं, ते अशाच रात्रीसाठी. १,००० रुपयांत अँजिओप्लास्टी होते असं कोणत्याही परिपत्रकात लिहिलेलं नाही. फक्त पीपीओवरची, म्हणजे पेन्शनच्या आदेशावरची, भत्त्याची नोंद आणि कार्ड घेताना भरलेला विकल्पाचा फॉर्म शोधून ठेवा. दाव्याचा हा भाग त्या दोन कागदांवर उभा राहील.

पूर्वपरवानगीच्या कारणाने मला खरोखर संताप येतो. रात्री दोन वाजता, माणूस घामाने निथळत असताना, परवानगी कोणाकडे मागायची होती? सीजीएचएसच्या स्वतःच्या नियमांतच तातडीच्या प्रसंगी पॅनेलबाहेरच्या, म्हणजे सरकारी यादीत नसलेल्या, खासगी रुग्णालयातल्या उपचारांची भरपाई मान्य आहे. सुरजित सिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की जीव वाचवण्यासाठी पावलं उचलण्याचा माणसाला हक्क आहे, त्याने वैद्यकीय मंडळापुढे रांगेत उभं राहावं अशी अपेक्षा करता येत नाही. तो कर्मचारीही हृदयाचाच रुग्ण होता.

पॅनेलच्या मुद्द्यावर तुमच्या कामाचा निकाल आहे शिवकांत झा विरुद्ध भारत सरकार, १३ एप्रिल २०१८ चा. झा हे केंद्राचे निवृत्त अधिकारी आणि सीजीएचएसचे लाभार्थी. त्यांनी दिल्लीत आणि मुंबईत पॅनेलबाहेरच्या रुग्णालयांत उपचार घेतले आणि दाव्यातली मोठी रक्कम कापली गेली. न्यायालयाने सांगितलं की नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही वैद्यकीय सुविधा हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे. रुग्णालयाचं नाव सरकारी यादीत नाही, एवढ्यावरून दावा नाकारता येत नाही. उपचार खरोखर झाले का आणि त्याला डॉक्टरांच्या नोंदींचा आधार आहे का, एवढं तपासायचं. ते सिद्ध झालं की तांत्रिक कारणं पुढे करायची नाहीत. कागदपत्रं मिळाल्यावर महिनाभरात भरपाई व्हावी, असंही त्यात आहे. तुमच्या अर्जात या निकालाचा उल्लेख तारखेसह करा.

मग पूर्ण ३,४२,००० मिळतील का? इथे तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. झा यांना उरलेले ४,९९,५५५ रुपये देण्याचा आदेश झाला, पण हा निर्णय याच प्रकरणापुरता आहे, असंही न्यायालयाने स्पष्ट केलं. त्याआधी १९९८ मध्ये रामलुभाया बग्गा खटल्यात, सरकारला धोरण म्हणून भरपाईचे दर ठरवता येतात, हे मान्य झालं आहे. तातडीच्या प्रसंगी सीजीएचएसचे दर किंवा प्रत्यक्ष खर्च यांपैकी कमी असेल तेवढी रक्कम देणं हा नियम आहे, आणि तेवढी मागणी बळकट आहे. वरच्या रकमेसाठी दर शिथिल करण्याची विनंती वेगळी मांडावी लागते आणि ती मिळेलच असं नाही. म्हणून मागणी दोन टप्प्यांत लिहा : मुख्य मागणी पूर्ण बिलाची, आणि ती मान्य न झाल्यास उपचाराच्या तारखेला लागू असलेल्या सीजीएचएस दराने रक्कम, व्याजासह. नुसतं 'पूर्ण पैसे द्या' लिहून थांबलात, तर पुढच्या फेरीत पुन्हा एका ओळीचं उत्तर यायला जागा राहते.

तुमच्या पत्रासोबतच्या डिस्चार्ज कार्डवर फक्त 'छातीत दुखणे' एवढंच लिहिलं आहे. याची मला मोठी काळजी वाटते. दाव्याचा सगळा भार 'तातडी' या एका शब्दावर आहे आणि तोच कागदावर नाही. उद्याच रुग्णालयात जा. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून तातडीचं प्रमाणपत्र घ्या : किती वाजता आणले, ईसीजीत काय दिसलं, ताबडतोब अँजिओप्लास्टी केली नसती तर कोणता धोका होता, दुसरीकडे हलवणं का शक्य नव्हतं. कराडहून पुणे साधारण १६० किलोमीटर, मध्ये खंबाटकी घाट. अंतराचा उल्लेख असू द्या. सोबत दाखल असतानाचे सगळे केसपेपर, ईसीजी, रक्ततपासणीचे रिपोर्ट आणि स्टेंटच्या वेष्टनावरचे स्टिकर लागतील. कोणी 'जुने कागद मिळत नाहीत' म्हणालं तर नम्रपणे सांगा की डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार आंतररुग्णाचे कागद तीन वर्षं जपून ठेवायचे असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. मागणी लेखी करा, पोच घ्या.

त्याच आठवड्यात सीजीएचएसकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तुमच्या दाव्याच्या फाइलवरचे शेरे, नामंजुरी कोणत्या नियमाखाली झाली आणि दावा तज्ज्ञ समितीपुढे ठेवला होता का, एवढंच मागा. फाइलवर 'तातडी' या मुद्द्याचा विचारच झालेला नाही असं दिसलं, तर कॅटपुढे ते तुमचं सगळ्यात मोठं हत्यार ठरेल.

नवे कागद हाती आले की सीजीएचएसच्या पुण्याच्या अतिरिक्त संचालकांना एक शेवटचं, मुद्देसूद निवेदन स्पीड पोस्टाने पाठवा. त्यात तीन कारणांना तीन उत्तरं, सुरजित सिंग आणि शिवकांत झा हे दोन निकाल आणि सोबत प्रमाणपत्र. ३० दिवसांत निर्णय मागा. त्याहून जास्त वाट पाहू नका. पेन्शनरांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवायला हरकत नाही, तिथल्या दट्ट्याने कधी कधी फाइल हलते. पण तिने कॅटची मुदत थांबत नाही. कॅटचं शुल्क ५० रुपये आहे आणि अर्जदाराला स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. तरी मुदतीचा आणि दराचा असे दोन मुद्दे असल्यामुळे, सेवाविषयक खटले चालवणारा वकील घ्या, असंच मी सुचवेन.

ग्राहक आयोगात जायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. सरकारी कर्मचारी सेवेच्या किंवा निवृत्तीच्या लाभांसाठी 'ग्राहक' ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जगमित्तर सेन भगत खटल्यात २०१३ मध्ये म्हटलं आहे. त्या वाटेने गेलात, आयोगाने अर्ज परत केला, आणि तोवर मे उलटला, तर फार मोठं नुकसान होईल.

आयुष्मान कार्डाबद्दल. सत्तरीवरच्यांची ती योजना ऑक्टोबर २०२४ पासून आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंत, आणि ज्यांना काहीच आधार नाही त्यांच्यासाठी ती मोलाचीच आहे. पण सीजीएचएसच्या लाभार्थ्याला दोन्हींपैकी एकच निवडावी लागते. आयुष्मानमध्ये ओपीडी नाही, खर्चाला मर्यादा आहे, आणि या जुन्या बिलाला तिचा काहीही उपयोग नाही. उलट दावा चालू असताना कार्ड सोडलंत तर समोरच्याला एक नवा मुद्दा हाती द्याल. आत्ता काही बदलू नका.

आणखी एक. जुलै आणि ऑक्टोबरचे दोन्ही अर्ज तुमच्या सहीने गेलेले दिसतात. पेन्शनर यजमान आहेत, त्यामुळे यापुढचा प्रत्येक कागद त्यांच्या सहीचा हवा. शेवटच्या निवेदनात 'माझ्या पत्नीने माझ्या वतीने केलेले अर्ज माझेच समजावेत' असं एक वाक्य घाला. ते 'जाऊ दे' म्हणत असतील तर त्यांना सांगा की ही रक्कम मुलीने एफडी मोडून भरली आहे, आणि सहीसाठी कागद त्यांच्यापुढे ठेवा.