जेम्स वेब आहे म्हणून चंद्रा बंद करायची?

"जेम्स वेब असताना नासाने जुन्या चंद्रा दुर्बिणीवर पैसे कशाला घालायचे" हा तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, कारण हेच मी आमच्या विभागप्रमुखांकडून ऐकलंय, फक्त तेव्हा विषय आपल्या इस्रोच्या ॲस्ट्रोसॅट या खगोल-उपग्रहाचा होता. दोन्ही अवकाश दुर्बिणीच, पण वेब इन्फ्रारेड बघते, चंद्रा एक्स-रे. एकीचं काम दुसरीला जमणारच नाही, विषय संपला.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मला ॲस्ट्रोसॅटचा डेटा घ्यायचा होता. २०१५ ला सोडलेला उपग्रह, आयुष्य पाच वर्षांचं धरलेलं, आणि तो त्यानंतरही चालू. सर म्हणाले, मुदत संपलेल्या उपग्रहावर काय प्रोजेक्ट करतेस. त्यात मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने बनवलेल्या लॅक्सपीसी या त्यावरच्या एक्स-रे उपकरणाच्या तीन डिटेक्टरांपैकी एक गॅस गळतीमुळे २०१८ मध्ये बंद केलेला, म्हणजे सरांच्या हातात आयतं कोलीत. मी हट्टच धरला. डेटा फुकट मिळतो, उतरवून घेतला आणि जीआरएस १९१५+१०५ या कृष्णविवराचा २०१७ चा ग्राफ काढला तर काउंट (म्हणजे मोजलेले एक्स-रे) हळूहळू चढतायत, एकदम टोक गाठतायत, धाडकन खाली, की परत चढायला सुरुवात, अगदी ईसीजी काढल्यासारखं. कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते. हा सोर्स १९९२ पासून एक्स-रेमध्ये झगमगत होता आणि २०१८ नंतर मंदावला. आता कितीही भारी उपग्रह सोडा, २०१७ चं ते निरीक्षण परत घेता येणार आहे का?

चंद्राचं तेच. १९९९ पासून वर आहे, एक्स-रेमध्ये तिच्याइतकं बारीक दुसऱ्या कुणालाच दिसत नाही, आणि २०२४ मध्ये मांडलेल्या बजेट प्रस्तावात ६.८३ कोटी डॉलरवरून ४.११ कोटीवर आणायला निघाले होते. कारण काय तर दुर्बीण तापते. अहो तापते हे खरंच आहे, बाहेरचं आवरण खराब झालंय, पण एकाच दिशेला फार वेळ न ठेवता निरीक्षणं आखून ते सांभाळत आलेत ना. युरोपची न्यूअथिना ही नवी एक्स-रे दुर्बीण २०३० च्या दशकाच्या उत्तरार्धाआधी येत नाही, आणि आली तरी चंद्राइतकं बारीक तिला दिसणार नाही. मधल्या काळात एखादा तारा फुटला तर तो थांबणारे का?

आता पैसा मर्यादित असतो आणि जुनी यंत्रं कधीतरी बंद पडणारच, हे मलाही मान्य आहे. पण बंद पडणं वेगळं आणि चालती बंद करणं वेगळं. आणि तुम्ही विद्यार्थी असाल तर जुन्या उपग्रहाचा डेटा बिनधास्त घ्या, व्हायवाला कुणी मुदतीचा विषय काढलाच तर निरीक्षणाची तारीख दाखवा आणि विचारा, हे आज परत घेऊन दाखवता का.