घरी एकट्याने कुंभारकाम करणाऱ्याला इतरांशी लाइव्ह चॅटवर जोडून घेतल्याचा खरंच फायदा होतो का?

तुम्ही लिहिलंय की घरीच चाकावर काम करता, जवळपास शिकवणारं कुणी नाही. एका मोठ्या चॅट ग्रुपमध्ये शिरलात, पण मेसेज इतक्या भराभर वर सरकतात की मध्ये कुठे बोलावं ते सुचत नाही, म्हणून नुसतं वाचत बसता. मीही एकटीच काम करते आणि अशा गटांमध्ये बरीच वर्षं आहे. फायदा होतो, भरपूर होतो. मात्र सगळ्याच बाबतीत होत नाही. ज्या कामाला थांबायला वेळ नसतो त्यासाठी लाइव्ह चॅटला तोड नाही. ज्या कामाला सवडीने विचार लागतो, ते तिथे विचारू नका.

आपल्या कामाचं घड्याळ आपल्या हातात नसतं, ते माती ठरवते. कपाला कान जोडायचा तर कपाची आणि कानाची ओल सारखी हवी. कप जास्त वाळला असेल तर सांध्यापाशी भेग ठरलेलीच. आत्ता जोडू की ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवू, हे उद्या कळून काय उपयोग? भट्टीचं तर आणखीच अवघड. विजेच्या भट्टीत ग्लेझची, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराची, भाजणी आठ-बारा तास सहज चालते आणि बंद करायचा क्षण नेमका अपरात्री येतो. त्या वेळी घर झोपलेलं असतं, पण पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला कुणीतरी सकाळचा चहा घेऊन चाकावर बसलेलं असतं. वेगवेगळ्या देशांतली माणसं ज्या गटात आहेत तो निवडा असं मी म्हणते ते यासाठीच.

एक प्रसंग सांगते. सहा नंबर कोनची भाजणी होती. कोन तुम्हाला माहीत असतीलच: उष्णता आणि ती किती वेळ मिळाली, या दोन्हींचा हिशोब करून वाकणारे ते छोटे सुळके. ऑर्टनचे कोन १८९६ पासून बनतायत, आणि आजही जगभरचे कुंभार एकमेकांशी अंशांपेक्षा कोनच्या नंबरातच बोलतात. शेवटच्या टप्प्यात तासाला ६० अंशांनी तापवलं तर सहा नंबर साधारण १२२२ अंश सेल्सिअसला वाकतो. मी पाच, सहा, सात असे तीन कोन ओळीने लावले होते. भट्टीचा डिस्प्ले ११५० दाखवत होता, म्हणजे अजून तासाभराची निश्चिंती. सहज भट्टीच्या भोकातून पाहिलं तर पाच नंबर पूर्ण आडवा!

मी लगेच गटातल्या भाजणीच्या खोलीत, म्हणजे त्या विषयाच्या वेगळ्या चॅटमध्ये, लिहिलं: भट्टीच्या कंट्रोलरचा फोटो, गेल्या तासाभरातले आकडे, कोनची स्थिती. दोन मिनिटांत एका अनुभवी बाईंचा प्रश्न आला, "सहा नंबरचं टोक कुठे आहे?" मी गडद चष्मा लावून परत पाहिलं. टोक झुकायला लागलं होतं. "मग डिस्प्लेकडे बघूच नका. कोन खोटं बोलत नाही. तुमचा थर्मोकपल म्हातारा झालाय, तो कमी दाखवतोय. तिथेच थांबा, थोड्या थोड्या वेळाने बघा, टोक बुडाच्या पातळीला आलं की हाताने बंद करा." थर्मोकपल म्हणजे भट्टीतलं तापमान मोजणारी तार. दुसऱ्या एकाने विचारलं, तो के प्रकारचा आहे का? होता. तो प्रकार उंच तापमानाला वापरून वापरून झिजतो आणि हळूहळू खरं तापमान आहे त्यापेक्षा कमी सांगायला लागतो. भट्टी बंद होईपर्यंत ती दोघंही तिथेच होती, मी दर वेळी काय दिसतंय ते लिहीत होते. भांडी उत्तम निघाली. नंतर थर्मोकपल काढून पाहिला तेव्हा त्याचं टोक खाल्ल्यासारखं बारीक झालेलं होतं. ही माहिती पुस्तकात मिळते, मान्य. पण रात्री भट्टीसमोर उभं असताना पुस्तकातलं नेमकं पान कुठून काढणार?

त्या रात्री मदत झटकन मिळाली याचं एक कारण असं की विचारताना सगळी माहिती एकाच वेळी दिली होती. "माझं ग्लेझ खराब झालं, काय करू?" असं विचारलंत तर लोक उलट दहा प्रश्न विचारतील आणि त्यातच चर्चा विरून जाईल. माती कोणती आणि ती कोणत्या कोनला पिकते, बिस्क (ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी) कोणत्या कोनला केलं, ग्लेझ बुडवून लावलं की फवारून, जाड की पातळ, भट्टी विजेची की गॅसची, भांडं कोणत्या फळीवर होतं, तापवण्याचा आणि थंड करण्याचा वेग काय होता, एवढं एका मेसेजात लिहा. फोटो बाजूने पडणाऱ्या उजेडात काढा, समोरून फ्लॅश मारला की ग्लेझ नुसतं चमकतं. बुडाचाही फोटो द्या. भांडं फुटलंच असेल तर फुटलेल्या कडेचा फोटो हवाच हवा.

भेगेचंच बघा. भाजून निघालेल्या भांड्याला भेग दिसली की पहिल्यांदा तिच्या कडा पाहायच्या. ग्लेझ कडांवरून गोलसर वळून आत उतरलेलं असेल, तर ग्लेझ वितळण्याआधीच भेग पडलेली होती. म्हणजे दोष घडवण्यात, वाळवण्यात किंवा बिस्कमध्ये शोधायचा. कडा धारदार असतील आणि आत कोरी माती दिसत असेल, तर भांडं थंड होताना तडकलंय. मातीतल्या क्वार्ट्झ या खनिजाचं रूप ५७३ अंशांच्या आसपास बदलतं आणि त्याचा आकार एकदम आक्रसतो. तो टप्पा घाईने पार केला किंवा भट्टी गरम असतानाच उघडली की असं होतं. बुडाच्या मधोमध इंग्रजी एस अक्षरासारखी भेग असेल तर बहुधा चाकावर बूड नीट दाबलं गेलं नव्हतं किंवा त्यात पाणी साचून राहिलं होतं. जाणकार माणूस हे फोटोवरून क्षणात सांगतो, फक्त त्या फोटोत कड स्पष्ट दिसायला हवी.

आता थोडं आवाजाच्या खोल्यांबद्दल. नवे लोक तिकडे फिरकतच नाहीत, आणि मला तर लाइव्ह चॅटमधली तीच सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. चार-पाच जण आपापल्या चाकावर बसलेले, माइक सुरू, बोलणं अधूनमधून. हात चिखलाने भरलेले असल्यामुळे टाइप करण्याचा प्रश्नच नाही. कॅमेरा लावलात तर बाजूने लावा, कोपर आणि मांडी दिसतील असा. माती मध्यभागी बसत नसेल तर आपण बोटांकडे बघत राहतो, पण खोट बहुतेक वेळा कोपरात असते: ते मांडीला किंवा कमरेला टेकलेलं नसतं, हवेत तरंगत असतं. स्वतःला ते दिसत नाही, पाहणाऱ्याला लगेच दिसतं. आणखी एक: व्हिडिओवर स्वतःचं चित्र बहुधा आरशासारखं उलटं दिसतं, समोरच्याला मात्र सरळ. त्यात काही देशांत चाक घड्याळाच्या दिशेने फिरवतात, काही ठिकाणी उलट. म्हणून "डावा हात" म्हणण्यापेक्षा "आतला हात, बाहेरचा हात" म्हणावं, गोंधळ होत नाही. आणि तारेचे हेडफोन चाकाजवळ अजिबात नकोत.

ज्या गोष्टी चॅटवर विचारू नयेत त्यांत पहिली म्हणजे ग्लेझची कृती. लाइव्ह गप्पांत पहिलं उत्तर जिंकतं, मग ते बरोबर असो वा नसो. समजा तुम्ही विचारलंत, पांढऱ्या ग्लेझचं हिरवं कसं करू? कुणीतरी सांगेल, थोडं क्रोम ऑक्साइड घाला. पण त्या पांढऱ्यात झिंक असेल तर हिरव्याऐवजी मळकट तपकिरी रंग येईल. शिवाय क्रोम भट्टीत थोडं उडतं, त्यामुळे शेजारी टिनच्या पांढऱ्या ग्लेझची भांडी असतील तर त्यांच्यावर गुलाबी छटा चढते. सांगणाऱ्याला तुमच्या बादलीत काय आहे हे ठाऊक नसतं. फेल्डस्पार हे ग्लेझमधलं खनिज म्हटलं तरी एका खाणीचं सोडियमवालं, दुसऱ्या खाणीचं पोटॅशियमवालं. कृतीसाठी ग्लेझी या संकेतस्थळासारखा खुला संग्रह बघावा. तिथे कृतीसोबत लोकांनी काढलेले फोटो असतात आणि ऑक्साइडांचं प्रमाणही मांडलेलं असतं, जर्मन रसायनतज्ज्ञ हेरमान झेगर यांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिलेल्या पद्धतीने. ते सवडीने वाचा, आपल्या मातीच्या तुकड्यावर चाचणी घ्या, आणि मग तो तुकडा घेऊन गप्पांना या. तेव्हा चर्चा खरी रंगते.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची, आणि इथे मी हट्टी आहे. फोटो बघून "हे ग्लेझ खाण्याच्या भांड्याला चालेल" असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. बेरियम, मँगनीज, तांबं ग्लेझमधून आंबट पदार्थात उतरतं की नाही हे फोटोत दिसत नाही, प्रयोगशाळेतच कळतं. शिसं तर मुळात वापरूच नये. सिलिकाच्या धुळीबद्दल "आम्ही कोरडंच झाडतो, काही होत नाही" म्हणणारे प्रत्येक गटात भेटतात. ती धूळ फुप्फुसात कायमची बसते. ओल्या फडक्यानेच पुसा, कोरडी पावडर हाताळताना तोंडावर घट्ट बसणारा चांगला मास्क लावा. गॅसच्या भट्टीजवळ डोकं जड झालं, गरगरलं, तर फोन हातात घेऊन लिहीत बसू नका. आधी बाहेर मोकळ्या हवेत जा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गट कसा निवडायचा? एकदोन आठवडे नुसतं वाचा, तुम्ही करताय तेच. फुटलेल्या, वाकलेल्या भांड्यांचे फोटो लोक मोकळेपणाने टाकतात का ते बघा. नुसती विक्रीची सुंदर भांडी दिसत असतील तर तिथे मदत मिळणार नाही. व्हॉट्सअ‍ॅप पाच-दहा ओळखीच्या लोकांसाठी छान. गट मोठा झाला की भाजणीचा प्रश्न वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गडप होतो. डिस्कॉर्ड हे चॅट अ‍ॅप २०१५ मध्ये खेळ खेळणाऱ्यांसाठी निघालं, पण विषयवार वेगळ्या खोल्या आणि कायम उघडी असणारी आवाजाची खोली ही रचना आपल्या कामाला फार सोयीची पडते. मेसेजांच्या पुराची जी तक्रार तुम्ही केलीत तिच्यावर उपायही तोच: सगळ्या खोल्यांच्या सूचना बंद करा, भाजणी आणि चाक एवढ्या दोनच चालू ठेवा. कामाची उत्तरं त्याच दिवशी वहीत उतरवून घ्या, पुढे शोधायला गेलात तर सापडत नाहीत.

राहिला गप्प बसण्याचा प्रश्न. नवख्याने काय बोलायचं, असं तुम्हाला वाटतंय. पुढची भट्टी लावाल तेव्हा एवढंच लिहा: "आज बिस्क आहे, कोन शून्य चार, आत्ता २०० अंश झाले, भोकाला आरसा धरला तर वाफ येणं थांबलंय." बघा, कुणी ना कुणी विचारेलच की आत काय काय ठेवलंय. मग दुसऱ्या दिवशी भट्टी पुरती निवल्यावर जे निघेल त्याचा फोटो त्याच खोलीत टाका, चांगलं निघो वा वाईट. ज्यांनी रात्री तुमच्यासोबत आकडे मोजले त्यांनाही भट्टीतून काय निघालं ते बघायचं असतं, आणि बरेच जण सल्ला घेऊन गेले की परत येतच नाहीत. तुम्ही याल तर पुढच्या वेळी तुमचं नाव दिसताच लोक हातातलं काम थांबवून उत्तर देतील.