विचारा तर खरं : अठरा मीटरच्या रोबोचं एवढं काय?

जुन्या जपानी अ‍ॅनिमेतल्या (म्हणजे तिथल्या कार्टून मालिकांतल्या) महाकाय रोबोंवर प्रश्न मागवले होते, तर अपेक्षेपेक्षा बरीच जास्त पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं या मालिका बारकाईने पाहणाऱ्या आणि प्लॅस्टिकची मॉडेल्स जोडणाऱ्या आमच्या जाणकार मंडळींनी मिळून दिली आहेत.

मुलगा कॉलेजात शिकतो आणि रात्री ‘माझिंगर झेड’ बघत बसतो. त्याच्याशेजारी बसून सलग चार भाग पाहिले. दर वेळी शत्रूचं यंत्र येतं, शहर मोडतं, रोबो त्याला ठोकतो, खेळ खलास. मोठ्या माणसाने यात बघायचं तरी काय? (सातारा)

साचा तोच आहे, यात वादच नाही. डिसेंबर १९७२ मध्ये सुरू झालेली ही मालिका ९२ भाग चालली आणि बहुतेक भागांचा सांगाडा तुम्ही म्हणता तसाच आहे. पण ठोकाठोकीआधीचा अर्धा मिनिट नीट बघा. कोजी हा पोरगा ‘होव्हर पिल्डर’ नावाचं छोटं विमान घेऊन येतो, पंख मिटतो आणि विमानासकट रोबोच्या डोक्यातल्या खळग्यात जाऊन बसतो. मग रोबोचे डोळे पेटतात. सगळी गंमत तिथे आहे.

याआधी असं नव्हतं. मित्सुतेरू योकोयामा यांच्या १९५६ च्या ‘तेत्सुजिन २८’ मध्ये मुलगा बाहेर उभा राहून रिमोटने रोबो चालवतो. रोबोला बरं-वाईट काही कळत नाही. रिमोट ज्याच्या हाती, त्याचा तो गुलाम. त्यामुळे कथानकाची निम्मी धडपड रिमोट सांभाळण्यात आणि पळवण्यात जाते. ‘माझिंगर’चे जनक गो नागाई यांनी मुलाला उचलून थेट डोक्यात बसवलं. वाहतुकीच्या कोंडीत अडकलेल्या गाड्या बघून, गाडीला हातपाय असते तर बाकीच्या ओलांडून जाता आलं असतं, असं मनात आल्याचं त्यांनी सांगितलं आहे. आत बसल्यावर रोबोला बसणारा दणका पोरालाही बसतो. शिवाय गाडी शिकावी लागते तसा रोबोही शिकावा लागतो. सुरुवातीला कोजीला तो धड चालवता येत नाही आणि वाचवायला आलेलं यंत्रच नासधूस करतं. माझिंगरला उडताही येत नाही. पंख मिळतात ते मालिकेचा तिसरा हिस्सा उलटून गेल्यावर. तोवर आकाशातून येणाऱ्या शत्रूशी जमिनीवरून कसं लढायचं, हा खरा प्रश्न असतो. रोबोला काय जमत नाही यावर लक्ष ठेवलंत, की भाग वेगवेगळे दिसू लागतील.

आणि सलग चार भाग नकोत. आठवड्याला एक, अशा बेताने शिजवलेला हा माल आहे.

दर भागात रोबो जोडण्याचा तोच तो प्रसंग का दाखवतात? चित्रकारांचा आळस की आणखी काही? (डोंबिवली)

पैसा आणि वेळ. सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ चौकटी धावते. टीव्हीच्या अ‍ॅनिमेत एक चित्र बहुधा तीन चौकटी तसंच ठेवतात, म्हणजे सेकंदाला आठ चित्रं. चाळीस सेकंदांचा जोडणीचा प्रसंग पूर्ण हलता धरला, तर सुमारे ३२० चित्रं होतात. ती एकदाच जीव ओतून काढायची आणि दर आठवड्याला तीच फिल्म वापरायची. याला तिथे ‘बँक’ म्हणतात. म्हणूनच रद्दड भागातसुद्धा तेवढा तुकडा झकास असतो.

याची खूणही सापडते. लढाई रात्री चालू असते आणि जोडणीच्या वेळी मागे लख्ख निळं आकाश दिसतं. रोबोच्या छातीवरचा ओरखडा मधेच गायब होतो आणि प्रसंग संपला की परत येतो.

दुसरं कारण खेळण्यांचं. मालिकेचा खर्च खेळणी बनवणाऱ्या कंपन्या उचलत, आणि कोणता भाग कुठे बसतो हे दर आठवड्याला पाहून पोरांना पाठ होई. १९७४ च्या ‘गेटर रोबो’त तीन विमानं एकमेकांवर आदळून रोबो होतो, पण त्या वेळी धातू मेणासारखा वितळून आकार बदलतो, हे खेळण्यात कसं आणणार? १९७६ च्या ‘कॉम्बॅटलर व्ही’ची पाच वाहनं मात्र खेळण्यातही खरोखर जोडली जातील अशीच आखली होती. जोडणीच्या प्रसंगांत तेव्हापासून जो नेमकेपणा आला, त्याचं मोठं श्रेय या खेळण्यांनाच द्यायला हवं. जाहिरातबाजी म्हणून नाकं मुरडणारे हे विसरतात.

जाता जाता: जुन्या मालिकांतल्या तलवारींची नि किरणांची झळाळी रंगाची नसते. सेलवर (चित्र रंगवायच्या पारदर्शक पत्र्यावर) तेवढा भाग मोकळा ठेवून बाकीचं काळं झाकतात, आणि तीच फिल्म दुसऱ्यांदा खालून आरपार उजेड सोडून उघडतात. कडेला प्रकाश किंचित सांडतो, तीच ती झळाळी.

इंजिनिअरिंगला आहे. एवढा रोबो खरंच उभा राहील का? वजन कागदावर तरी जुळतं का? (पुणे)

माणूस १.८ मीटर आणि ७० किलो धरा. तो दहापट केला की उंची, रुंदी, जाडी तिन्ही दहापट, म्हणून वजन हजारपट: ७० टन. पण भार पेलणाऱ्या पायांचा छेद शंभरपटच वाढतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर दहापट भार. घोटा आणि गुडघा आधी जाणार.

आता जाहीर आकडे बघा. १९७९ च्या ‘गंडाम’ मालिकेतला पहिला गंडाम रोबो १८ मीटर उंच, रिकामा ४३.४ टन, पूर्ण भरलेला ६० टन. म्हणजे सगळा दारूगोळा घेऊनही तेवढ्या उंचीच्या माणसापेक्षा हलका. माझिंगरही १८ मीटर, पण वजन फक्त २० टन! माणसाच्या बांध्याचं एवढं धूड निदान ७० घनमीटर जागा व्यापेल, तेव्हा तो समुद्रात पडला तर बुडायच्या ऐवजी तरंगायला हवा. ‘चोगोकिन’ नावाच्या काल्पनिक मिश्रधातूच्या नावावर हे माफ करायचं. योकोहामाला डिसेंबर २०२० ते मार्च २०२४ पर्यंत हलता गंडाम उभा होता. वजन सुमारे २५ टन, हातपाय हलवायचा, गुडघा टेकायचा. पण कमरेला मागून भक्कम आधार होता. स्वतःच्या पायांवर तो चाललेला नाही.

पडद्यावर मात्र वजन आकड्याने दिसत नाही, वेळेने दिसतं. १.८ मीटरवरून सोडलेली वस्तू ०.६ सेकंदात जमिनीवर येते, १८ मीटरवरून १.९ सेकंद लागतात. म्हणजे रोबोची हालचाल माणसापेक्षा साधारण तिप्पट संथ हवी. चांगला चित्रकार पाऊल टेकल्यावर क्षणभर सगळं थांबवतो, मग धूळ उठवतो. नजरेची पातळी विजेच्या तारांच्याही खाली ठेवतो. हे चुकलं की रोबोचा सूट घातलेला माणूस उड्या मारतोय असं वाटतं. नमुना बघायचा असेल तर पहिल्या गंडामचा १५ वा भाग. त्यातला गंडाम इतका लुकडा नि वाकडा आहे की दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांच्या इच्छेवरून तो अमेरिकेतल्या आवृत्तीतून वगळला गेला. पुढे २०२२ मध्ये त्याच गोष्टीवर नव्याने अख्खा चित्रपट निघाला.

‘सुपर रोबो’ आणि ‘रिअल रोबो’ यांत फरक काय? (नागपूर)

सोपी कसोटी: गोळ्या संपतात का? संपत असतील, सुटे भाग मागवावे लागत असतील, शत्रूचे शंभर रोबो एकाच मॉडेलचे असतील, तर रिअल. नायकाने जोर लावून ओरडल्यावर नवी ताकद येत असेल, तर सुपर.

‘रिअल’ची सुरुवात गंडामपासून धरतात. एप्रिल १९७९ ला सुरू झाला, ५२ भागांचा बेत होता, पण खेळणी आणि प्रेक्षक दोन्ही कमी पडल्याने ४३ वरच गुंडाळला. नंतर पुनःप्रक्षेपण, जुलै १९८० मध्ये आलेली ३०० येनची प्लॅस्टिक मॉडेल्स आणि पुढच्या दोन वर्षांतले तीन चित्रपट, यांनी तो उचलला. युद्धाची राखाडी गोष्ट आणि नायकाचा रोबो मात्र लाल-निळा-पिवळा, ही विसंगती खटकली असेल तर तीही खेळण्यांच्या दुकानातून आलेली आहे.

पण भिंत पक्की नाही. पहिल्याच भागात शत्रूच्या गोळ्या गंडामवरून टणाटण उडतात. हे सुपर नाही तर काय? उलट त्याआधीच्या, १९७७ च्या ‘झांबोट ३’ मध्ये लढाईने बेघर झालेले लोक रोबो चालवणाऱ्या पोरांनाच शिव्या घालतात. सगळ्यात कोरडी मालिका हवी तर १९८३ ची ‘व्होटोम्स’. तिथला रोबो जेमतेम चार मीटरचा, नायकाला त्याचं सोयरसुतक नाही. मोडला की टाकून दुसऱ्यात बसतो. आमच्या मते ‘रिअल’ची शेवटची पायरी तीच.

लहानपणी दूरदर्शनवर ‘जायंट रोबोट’ लागायचं. मुलगा घड्याळात बोलायचा आणि रोबो उडत यायचा. ते अ‍ॅनिमे होतं का? (मुंबई)

नाही. ती माणसं घेऊन चित्रित केलेली मालिका, १९६७-६८ ची, २६ भाग; रोबोच्या सुटात माणूस. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात आली ती तिची ‘जॉनी सोको’ ही इंग्रजी आवृत्ती. घराणं मात्र तेच: मूळ कल्पना ‘तेत्सुजिन’वाल्या योकोयामांचीच, फक्त रिमोटच्या जागी मनगटावरचं घड्याळ. शेवटी रोबो मुलाचा हुकूम न मानता शत्रूच्या सम्राटाला घेऊन आकाशात जातो, आणि आज्ञेबाहेर केलेलं ते एकच काम इतक्या लोकांना अजून आठवतं. याच रोबोवर १९९२ ते ९८ दरम्यान सात भागांची अ‍ॅनिमे मालिका निघाली. हाताने काढलेल्या रोबोंत तिच्याइतकी श्रीमंती क्वचित दिसते. जरूर शोधा.

कुठून सुरुवात करू? वेळ कमी आहे. (बेळगाव)

गंडामचे तीन चित्रपट, मिळून सात तास. ४३ भागांचा जीव त्यात आहे आणि खेळण्यांसाठी घुसडलेलं जादा विमानही त्यात गाळलं आहे. मग ‘पॅटलेबर’ (१९८८): आठ मीटरचे पोलीस रोबो, आणि जग वाचवण्यापेक्षा नुकसानभरपाई नि वरिष्ठांची बोलणी यांचीच चिंता जास्त. ‘इव्हँजेलियन’ (१९९५, २६ भाग) शेवटी ठेवा. वीज पुरवणारी वायर तुटली की तिथला रोबो जास्तीत जास्त पाच मिनिटं चालतो, आणि आत बसणं हे बक्षीस न राहता शिक्षा होते. आधीच्यांची सवय असल्याशिवाय तो उलटा डाव जाणवत नाही.

१/१४४ प्रमाणातलं गंडाम मॉडेल जोडलं. जुलैत मॅट (चमक घालवणारा) स्प्रे मारला तर सगळ्यावर पांढरी साय आली. गुडघ्याचा एक भाग खाचांच्या रेघांत रंग भरताना तडकलाही. काय चुकलं? (रत्नागिरी)

साय दमटपणाची. स्प्रेमधलं द्रावण भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प ओल्या थरात अडकतं. कोकणात पावसाळ्यात मॅट स्प्रे मारूच नये. आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असेल असा दिवस बघा. डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा (गरम पाण्यात किंवा गॅसजवळ अजिबात नको), २०-३० सेंटिमीटरवरून पातळ दोन-तीन हात द्या, मध्ये पंधरा मिनिटं जाऊ द्या. पारदर्शक तुकडे आधी काढा, नाहीतर ते धुरकट होतील. आता आलेली साय बहुतेक वेळा निघते: कोरड्या दिवशी त्याच जातीच्या ग्लॉसचा हलका हात मारा, खालचा थर विरघळून बाष्प सुटतं. पूर्ण वाळल्यावर पुन्हा मॅट.

तडक गेली ती इनॅमल थिनरमुळे. घट्ट बसवलेल्या, ताणाखालच्या सांध्यात थिनर झिरपला की प्लॅस्टिक चिरतं. रेघा भरायच्या तर भाग सुटे करून, आधी ग्लॉसचा थर देऊन भरा, किंवा पाण्यात विरघळणारा रंग वापरा. आणि भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात, तिच्यातून ते कापताना पहिला काप दोन-तीन मिलिमीटर लांबून घ्या, दुसरा जवळून, उरलेलं ६००, ८००, १००० च्या पॉलिश पेपरने घासा. एकदम चिकटून कापलं की गडद प्लॅस्टिकवर पांढरा डाग उठतो.

आमच्या टीव्हीवर सगळे रोबो बुटके आणि जाडे का दिसतात? (इंदूर)

चित्र ४:३ चं आहे आणि टीव्ही ते ताणतोय. सेटिंगमध्ये ४:३ किंवा ‘ओरिजिनल’ निवडा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येऊ द्या. ‘झूम’ नको, त्यात आधी पाय जातात आणि मग शिंगं.